दवाखाना पंधरवड्यातून एकदा, घर मात्र रोज

आमच्या अल्लीपूरच्या घरी मगरिबची वेळ ही सगळ्यांत गडबडीची वेळ. चुलीवर भाकरी, गॅसवर दाळ, नळाला पाणी आलेले, पुरुषमंडळी मशिदीकडे निघालेली, भाभी वजू करायला बसलेल्या आणि समोरच्या खोलीत टीव्ही चालू. नेमक्या याच वेळी आमच्या थोरल्या भावाचा नातू जमिनीवर लोळण घेई. डोके आपटी, हाताला चावे. चार वर्षांचा झाला होता, पण 'अम्मी' हा एक शब्दही त्याच्या तोंडून निघत नव्हता. त्याचे खरे नाव इथे लिहीत नाही. घरात सगळे त्याला मुन्ना म्हणतात, तेवढे पुरे.

मुन्ना दोन वर्षांचा होईपर्यंत कुणाला काही वाटले नाही. "मुलगे उशिरा बोलतात, याचे अब्बूसुद्धा तीन वर्षांचे झाल्यावर बोलले," असे भाभी सांगत. पुढे लक्षात येऊ लागले की हाक मारली तरी तो वळून पाहत नाही, बोटाने काही दाखवत नाही, आणि खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी तिचे एकच चाक तासभर फिरवत बसतो. कुणी नजर लागली म्हणाले. कुणी ताविज आणून दिला. कुणी सुनेलाच बोल लावला की ही दिवसभर मोबाइल देते म्हणून पोरगा असा झाला. या सगळ्यात दीड वर्ष गेले. शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी 'ऑटिझम', म्हणजे स्वमग्नता, असे निदान केले, तेव्हा मुन्ना साडेतीन वर्षांचा होता. ते दीड वर्ष वाया गेल्याची हळहळ आम्हा सर्वांना आहे. घरातल्या जाणत्या माणसांत आमचीही गणना होते, आणि "थांबा, बोलेल" असे आम्हीही एकदा नव्हे, अनेकदा म्हटले आहे.

आज हे लिहिण्याचे कारण निदान नाही. निदानानंतर जे सुरू झाले, त्याविषयी वाचकांशी बोलायचे आहे.

एक तास आणि एकशे सदुसष्ट तास

डॉक्टरांनी वर्तनोपचार, म्हणजे बिहेवियर थेरपी, सुरू करायला सांगितले. पंधरा दिवसांतून एकदा, एक तास. अल्लीपूरहून एसटीने हिंगणघाट, तिथून पुढची गाडी, मुलाला मांडीवर घेऊन. मुन्नाच्या अब्बूंचा त्या दिवसाचा रोज बुडे. कापूस वेचणीच्या दिवसांत तर दोन फेऱ्या चुकल्याच.

तिसऱ्या खेपेला तिथल्या थेरपिस्ट मॅडमनी सुनेला एक साधा हिशोब मांडून दाखवला. मूल दिवसाचे बारा तास जागे असते असे धरले, तर पंधरवड्याचे, म्हणजे 14 दिवसांचे, झाले 168 तास. त्यांतला एक तास ते माझ्याजवळ असते. उरलेले 167 तास तुमच्याजवळ. मग शिकायचे कुणी?

सुनेने घरी येऊन हे सांगितले, तेव्हा भाभींना राग आला. "मग पैसे कशाचे घेतात? शिकवायचे काम त्यांचे आहे." असे वाटणे स्वाभाविक आहे. ताप आला की आपण औषध आणतो, आणि तापाला आईने शिकवावे असे कुणी म्हणत नाही. पण बोलणे, मागणे, थांबणे, वाट पाहणे या गोष्टी गोळीने येत नाहीत. त्या सरावाने येतात, आणि सराव जिथे मूल राहते तिथेच होतो. म्हणूनच जगभर आता आई-वडिलांना प्रशिक्षण देणे हा या उपचाराचा मुख्य भाग मानला जातो.

आधी काय, मग काय, नंतर काय

या उपचाराचा पाया समजायला सोपा आहे. मुलाच्या प्रत्येक वागण्याच्या आधी काहीतरी घडलेले असते आणि नंतरही काहीतरी घडते. 'नंतर' जे मिळते त्यावरून ते वागणे पुन्हा होणार की नाही हे ठरते. अमेरिकेत ओरेगन येथे जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी हट्टी, भांडखोर मुलांच्या घरांचा अनेक वर्षे अभ्यास केला. मूल ओरडते, आई-बाप कंटाळून हवे ते देतात, ओरडणे थांबते. मूल शिकते की ओरडल्यावर मिळते. आई-बापही शिकतात की दिल्यावर शांतता होते. दोघेही एकमेकांना नको ते शिकवत राहतात. स्वमग्न मुलाच्या बाबतीत यात आणखी एक भर असते. त्याला भाषा नसल्याने ओरडणे हेच त्याचे मागणे असते. ते नुसते बंद करून भागत नाही, त्याच्या जागी मागायची दुसरी रीत द्यावी लागते.

मॅडमनी सुनेला एक वही करायला सांगितली. तीन रकाने: आधी काय झाले, मुन्नाने काय केले, नंतर आम्ही काय केले. सून दहावी शिकलेली. तिने सात दिवस इमानाने लिहिले. 19 नोंदी झाल्या, त्यांतल्या 12 मगरिबच्या आगेमागे. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच वाक्य होते: दादीने बिस्कीट दिले, किंवा दादीने मोबाइल दिला.

ती वही वाचताना आमच्या डोळ्यांवरची पट्टी उतरली. ज्याला आम्ही 'शैतानी' म्हणत होतो, त्याला वेळ होती, कारण होते आणि फळही होते. त्या वेळी मुन्नाला भूक लागलेली असे. टीव्ही, नळ, भांडी, माणसांची ये-जा हे सगळे आवाज एकदम सुरू होत आणि त्याला ते सहन होत नसत. मग तो लोळे आणि बिस्कीट मिळे.

उपाय फार मोठे नव्हते. मुन्नाचे जेवण अर्धा तास अलीकडे आणले. त्या वेळेपुरता टीव्ही बंद ठेवला. भिंतीवर चार चित्रे लावली: हात धुणे, जेवण, अंगणात फेरी, झोप. आणि बिस्किटाच्या डब्याचे एक चित्र पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच्या हाताशी ठेवले. चित्र हातात दिले की बिस्कीट लगेच मिळेल, लोळून मिळणार नाही. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती आम्हालाही होती. मॅडमनी सांगितले की चित्रे बोलण्याच्या आड येत नाहीत. मागितले की मिळते, हे मुलाला आधी कळावे लागते.

दादींची दुवा आणि दादींचे बिस्कीट

पहिले आठ दिवस वाईट गेले. मुन्ना पूर्वीपेक्षा जास्त रडला. ज्या दारातून रोज आत जाता येत होते ते बंद झाले, तर माणूस आधी जोरात ठोकून पाहतो, तसेच हे. मॅडमनी याची कल्पना दिली होती, पण ती सुनेला दिली होती, भाभींना नाही. चौथ्या दिवशी भाभींनी डबा उघडला. "माझ्या डोळ्यांदेखत लेकराला रडवता? मी जिवंत असेपर्यंत हे चालणार नाही." सून रडत आत गेली. मुन्नाच्या अब्बूंनी त्या रात्री जेवण केले नाही.

येथे आम्हाला एक गोष्ट स्पष्ट दिसली. प्रशिक्षण मिळाले होते एका माणसाला आणि मूल वाढत होते सात माणसांत. एकत्र कुटुंबात नुसत्या आईला शिकवून उपयोग नाही. तिने दिवसभर बांधलेले संध्याकाळी कुणीतरी मायेपोटी सोडतो, आणि मूल गोंधळते. त्यातून सुनेला घरात तोंड उघडायची सोय नसेल, तर शिकलेले सगळे वहीतच राहते.

आम्ही सुनेकडून नंबर घेऊन मॅडमना विनंती केली की पुढच्या वेळी भाभींशी बोला. व्हिडिओ कॉल झाला. मॅडमनी भाभींना उपदेश केला नाही. त्यांनी विचारले, "मुन्नाला तुमच्या हातचे काय आवडते?" भाभी म्हणाल्या, "गुळाची पोळी." मग मॅडम म्हणाल्या, "तर पोळी तुमच्याच हातून मिळू द्या. फक्त त्याने चित्र दिल्यावर किंवा तुमच्याकडे पाहिल्यावर द्या. हे काम दादीशिवाय कुणाला जमणार नाही." भाभींच्या हातून बिस्कीट काढून घेतले असते, तर त्या विरोधातच राहिल्या असत्या. त्यांना काम मिळाले आणि त्या उपचारात आल्या. आज मुन्नाची वाट पाहत पाचपर्यंत आकडे मोजण्यात त्या आम्हा सगळ्यांपेक्षा पक्क्या आहेत.

ताविजाचे म्हणाल, तर त्यावरून आम्ही घरात वाद केला नाही. दुआ रोज होते, होतच राहील. पण आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उंट बांधणे हे आपले काम आहे.

मोबाइलमधून शिकणे

एसटीच्या फेऱ्या कमी करण्याचा मार्ग मोबाइलनेच दाखवला. जागतिक आरोग्य संघटनेने 2 ते 9 वर्षांच्या, वाढीत मागे पडलेल्या किंवा स्वमग्न मुलांच्या पालकांसाठी एक प्रशिक्षण तयार केले आहे. मूळ रूपात त्याची 9 सामूहिक सत्रे आणि 3 गृहभेटी असतात. 2022 मध्ये त्याचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आला आणि तो मोफत आहे. मुलाला खेळात कसे गुंतवावे, रोजच्या कामातून बोलणे कसे वाढवावे, अवघड वागणे कसे हाताळावे आणि पालकांनी स्वतःला कसे सांभाळावे, असे विषय त्यात आहेत.

आमच्या घरी अडचण भाषेची आली. आम्हाला जो अभ्यासक्रम उघडता आला तो इंग्रजीत होता. सुनेचे इंग्रजी तेवढे नाही, आणि फोन दिवसभर तिच्या नवऱ्याच्या खिशात. शेवटी असे ठरले की रविवारी दुपारी कॉलेजला जाणारी पुतणी एक धडा वाचेल आणि सगळ्यांना आपल्या बोलीत सांगेल. त्या निमित्ताने मुन्नाचे अब्बू आणि चाचाही ऐकू लागले. ज्या अडचणीने आम्ही वैतागलो होतो, तिनेच घर एकत्र बसवले. तरीही हे सांगितले पाहिजे की ज्या घरात वाचून दाखवणारे कुणी नाही, त्या घरासाठी असा धडा असून नसल्यासारखा आहे. असे प्रशिक्षण सोप्या मराठीत आणि उर्दूत, वाचण्यापेक्षा ऐकून-पाहून समजेल असे हवे.

दुसरी सोय व्हिडिओची. सून आठवड्यातून दोनदा मुन्नाशी खेळतानाचे तीन मिनिटांचे चित्रण मॅडमना पाठवते. त्या पाहून सांगतात: इथे तुम्ही घाई केली, इथे त्याने तुमच्याकडे पाहिले पण तुमच्या लक्षात आले नाही. स्वतःला असे पाहणे आधी लाजिरवाणे वाटले, पण शिकायला त्याहून चांगले काही नाही. मात्र एक पथ्य पाळा. मुलाच्या रडण्याचे चित्रण खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कधीही टाकू नका. ती त्या मुलाची अब्रू आहे.

भाषेवरून आणखी एक प्रश्न होता. घरात आम्ही वऱ्हाडी वळणाची हिंदी-उर्दू बोलतो, अंगणवाडीत मराठी. दोन भाषांनी मूल गोंधळेल का? आजवरच्या अभ्यासांत दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचे नुकसान झाल्याचे दिसलेले नाही. आईने तिच्या मनापासूनच्या भाषेतच बोलावे, हाच सल्ला आम्हाला मिळाला.

गोवा आणि रावळपिंडी

घरातल्यांनी शिकून खरेच फरक पडतो का, याची तपासणी आपल्या शेजारीच झाली आहे. गोव्यातील 'संगथ' ही संस्था 1996 पासून मानसिक आरोग्य आणि बालविकासाचे काम करते. तिच्या सहभागाने गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे 2 ते 9 वर्षांच्या 65 स्वमग्न मुलांवर एक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष 2016 मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात आले. काम करणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. ते दर पंधरा दिवसांनी पालकाला भेटत, मुलासोबतच्या खेळाचे चित्रण करीत आणि तेच पालकासोबत बसून पाहत. अशी 12 सत्रे सहा महिन्यांत.

निकाल असा की पालक मुलाच्या कलाने घेऊ लागले आणि मुले स्वतःहून पुढाकार घेऊन संवाद करू लागली. सगळेच सुधारले असे नाही. आई आणि मूल एकाच गोष्टीकडे मिळून लक्ष देण्याचा वेळ उलट कमी झालेला आढळला, आणि संशोधकांनी तेही लपवले नाही. पण तज्ज्ञ नसलेल्या गावांतही घरातूनच काम होऊ शकते, एवढे यातून सिद्ध झाले. अल्लीपूरसारख्या गावाला याहून मोठा दिलासा कोणता?

गरजही लहान नाही. उत्तर गोव्यासह देशातील पाच ठिकाणच्या 2 ते 9 वर्षांच्या मुलांची पाहणी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. ऐकणे, पाहणे, बोलणे, शिकणे, फिट, स्वमग्नता अशा नऊ अडचणींपैकी एक तरी जवळपास दर आठ मुलांमागे एका मुलात आढळली. म्हणजे प्रत्येक मोहल्ल्यात असे एखादे घर आहे, फक्त दार लावून बसलेले.

आईचा दोष नाही

एक काळ असा होता की मोठमोठे विद्वानही स्वमग्नतेला आईच्या कोरडेपणाचे फळ मानत. ब्रुनो बेटलहाइम यांनी 1967 च्या आपल्या पुस्तकात हेच मांडले. त्याच्या तीन वर्षे आधी, 1964 मध्ये, बर्नार्ड रिमलँड यांनी हा समज चुकीचा असून कारण शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे असे लिहिले होते. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडीलही. आज विज्ञान रिमलँड यांच्या बाजूने आहे. आईला शिकायला सांगितले म्हणजे आईमुळे झाले, असा अर्थ कुणी काढू नये. चष्मा लागलेल्या मुलाच्या आईला चष्मा पुसायला शिकवतात, म्हणून नजर तिने बिघडवली असे होत नाही.

आणि शिकणे हे फक्त आईचे काम नाही. मुन्नाच्या अब्बूंनी आता इशानंतरची अंगणातली फेरी आपल्याकडे घेतली आहे. तेवढा अर्धा तास सून आडवी होते. तिच्या चेहऱ्यावर जो फरक पडला तो आम्ही पाहिला आहे.

दोन गोष्टींपासून दूर राहा. पहिली, मारणे. मारल्याने मूल गप्प होते, पण मागायचे कसे हे शिकत नाही. दुसरी, 'पूर्ण बरे करतो' म्हणून लाखो रुपये मागणारे. स्वमग्नतेसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच स्पष्ट केले आहे. दागिने गहाण ठेवण्याआधी हे लक्षात ठेवा.

कुठे जावे, काय मागावे

मूल दीड-दोन वर्षांचे झाले आणि हाकेला वळत नाही, बोटाने दाखवत नाही, एकही शब्द बोलत नाही, किंवा येत असलेले शब्द बोलेनासे झाले, तर वाट पाहू नका. आधी कानांची तपासणी करून घ्या. आशाताई, अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात सांगा. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हायची असते. पथक येईल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. पुढच्या तपासणीसाठी वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघे येथील रुग्णालय आपल्या जिल्ह्यातच आहेत. 'ई-संजीवनी' या सरकारी सेवेतून घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. पालकांना स्वतःलाच असह्य झाले तर 'टेली-मानस'चा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. ते काढल्याने मुलावर शिक्का बसतो, असे आमच्या घरातही म्हटले गेले. पण त्याशिवाय हक्काच्या सवलती मिळत नाहीत. नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' योजनेत स्वमग्न मुलांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्यविम्याचे संरक्षण आहे. कायद्याने 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

मुन्ना आता पाच वर्षांचा होईल. तो बोलू लागला असे म्हणता येत नाही. 'पा' म्हणजे पाणी, 'दे', आणि दादींना 'दा', एवढे तीन शब्द त्याच्याकडे आहेत. वहीतल्या आठवड्याच्या 19 नोंदी आता पाच-सहावर आल्या आहेत. एखादा आठवडा पुन्हा वाईट जातो. शाळेचे काय होणार हा प्रश्न आमच्यापुढे आहे, आणि शाळेतल्या बाईंनाही ती वही दाखवायचे आम्ही ठरवले आहे.

वाचकहो, आपल्या घरात किंवा शेजारी असे मूल असेल, तर त्याच्या आईला सल्ला देऊ नका. तिला विचारा, आज संध्याकाळी अर्धा तास मुलाला कोण सांभाळते? कुणी नसेल, तर तुम्ही जा. जाण्याआधी तिच्याकडून एवढे शिकून घ्या की त्याने मागितल्यावर काय करायचे आणि लोळल्यावर काय करायचे नाही.